पाठवणीचा प्रश्न

“तुम्ही नेमकं काय करता हो तिकडे रोह्याला?” असं पेणच्या रामवाडीतल्या शेजाऱ्यांनी मला इतक्यांदा विचारलं, की शेवटी मी “बसते” असं उत्तर द्यायला लागले. त्यांना ती थट्टा वाटायची. पण घरात मार खाणाऱ्या बायकांच्या समुपदेशन केंद्रात निम्मं काम खरोखर बसण्याचंच असतं. समोरची बाई बोलेपर्यंत बसायचं, ती गप्प झाली की तिच्याबरोबर गप्प बसायचं, आणि सल्ला द्यायला जीभ कितीही वळवळली तरी ती दाताखाली धरून बसायचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे शिकायला बरीच वर्षं लागली. शिकले ते मात्र पक्कं. आता निवृत्त झाले आहे आणि संपादकांनी लिहा म्हटलंय, तर ठणकावूनच लिहिणार आहे.

लोकांना वाटतं, बाई येते, रडते, सगळं सांगून मोकळी होते, मग आपण नवऱ्याला बोलावून दम भरतो आणि दोघं जोडीने घरी जातात. असं होत नाही. मार खाल्लेलं माणूस आपली गोष्ट सरळ सांगूच शकत नाही. नागोठण्याकडची एक बाई माझ्याकडे यायची आणि फक्त गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलायची. किती दिवस पुरतो, कसा लवकर संपतो, गाडी कधी येते. नवीन माणसाने तिला गॅस एजन्सीचा पत्ता देऊन वाटेला लावलं असतं. मी ऐकत राहिले. तिसऱ्या खेपेला उलगडा झाला. सिलिंडर संपला, की “तू उधळतेस” म्हणून ती मार खायची. तिच्या घरातला मार सिलिंडरच्या हिशोबाने यायचा आणि ती मला तोच हिशोब सांगत होती. पुढे ती यायची बंद झाली. तिचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि ते अजून सलतं.

अशा बाईशी कसं वागायचं याचं आता शास्त्र झालंय. प्रशिक्षणात त्याला ‘आघाताचं भान ठेवून घेतलेली काळजी’ असं भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, जिच्या आयुष्यात सगळं दुसऱ्याच्या मर्जीने चालतं, तिला आपल्या दारात तरी स्वतःच्या मर्जीने वागू द्यायचं. कुठल्या खुर्चीत बसायचं ते तिने ठरवायचं. तिची हकिगत एकाच माणसाने ऐकायची, दर टेबलावर तिला पहिल्यापासून सांगायला लावायची नाही. तिला विचारल्याशिवाय कुणाला फोन करायचा नाही. पोलिसांत जायचं, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, कोर्टात जायचं, की काहीच न करता घरी जायचं, हेही तिनेच ठरवायचं. आपण वाटा दाखवायच्या आणि ती निघेल तेव्हा सोबत जायचं.

विनोदी माणसंही भेटली. एक सासरे स्वतःच्या मुलाची तक्रार घेऊन आले आणि “सुनेला सांगू नका मी आलो होतो, ती मला बोलेल” म्हणाले. एक नवरा तर मळक्या पिशवीत स्वतःचे दोन फोटो घेऊन आला. “मी सुधारलोय असं लिहून द्या, शिक्का मारून,” म्हणाला. मी म्हटलं, शिक्का माझ्याकडे नाही, तुमच्या बायकोकडे आहे. तो भला माणूस खरंच घरी जाऊन तिच्याकडे शिक्का मागायला लागला. ती दुसऱ्या दिवशी येऊन पोट धरून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तर मुद्द्यावर येते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमचं रोह्याचं केंद्र बंद करायचं घाटत होतं. आमच्या संस्थेची केंद्रं दोन, एक पेणला आणि एक रोह्याला. पेणच्या प्रमुख शुभदाताई. शिकलेल्या, कामसू, गावात मान असलेल्या. त्यांच्या शब्दाखातर भांडखोर नवरेही हात जोडून उभे राहायचे. संस्थेची कार्यकारिणी दरवर्षी एकच गोष्ट मोजायची, ती म्हणजे समेट. किती नवराबायको जोडीने घरी गेले, तेवढं केंद्राचं यश. पेणला समेट भरपूर, माझ्याकडे नावाला. मग कुणीतरी म्हणालं, रोह्याला भाडं कशाला भरा, तिकडच्या बायका पेणला येतील. शुभदाताईंनी त्याला मान डोलावली. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं, की पेणला बायकांचं जास्त भलं होतं.

मी संतापले. पण संतापाने केंद्र वाचत नाही. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. होती ती मनीषा.

मनीषा डोलवीची. नवरा कंत्राटदाराकडे कामाला, तीन शिफ्टचं काम. डोलवीहून पेण हाकेच्या अंतरावर, तरी ही बाई पेण सोडून माझ्याकडे रोह्याला यायची. एवढ्या लांब का येतेस, असं विचारल्यावर आधी म्हणाली, “हितं मला कोन वळखत नाय.” खरं कारण पुष्कळ दिवसांनी बाहेर आलं. ती आधी पेणलाच गेली होती. त्याच दुपारी तिच्या नवऱ्याला फोन गेला. तो आला. दोघांना एका टेबलाशी शेजारी शेजारी बसवलं. त्याने माफी मागितली, सही केली, आणि तिला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. वडखळच्या नाक्यावर गाडी थांबवून त्याने विचारलं, “काय काय सांगितलंस तिथं?”

“रोहा बंद झालं तर मी घरी बसेन ताई,” ती म्हणाली. “त्या टेबलाशी परत बसायची नाय.”

तिचा नवऱ्याविरुद्धचा अर्ज तेव्हा कोर्टात होता. घरी बसणं म्हणजे तो सोडून देणं, आणि सोडून देणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना माहीत होतं. तेव्हापासून रोहा वाचवायचं म्हणजे मला मनीषाला वाचवायचं होतं.

मी कार्यकारिणीला कळवलं, की समेट मोजून बाईचं भलं कळत नाही, काळजी कशी घेतली ते मोजा. त्यांनी मला गप्प करायला म्हणून पुण्याहून एक मुलगी पाठवली. केतकी. मोजमापाचं शिक्षण घेतलेली, चटपटीत, माझ्या मुलीपेक्षाही लहान. मी तिला पाहूनच नाक मुरडलं. पण पोरगी कामाला पक्की निघाली. तिने प्रश्न छान काढले होते. केंद्रात तुम्हाला सुरक्षित वाटलं का, तुमच्या मनाविरुद्ध काही झालं का, तुमच्यावर विश्वास ठेवला का. उत्तर एक ते पाच गुणांत द्यायचं.

सगळ्या बायकांनी सगळ्याला पाच गुण दिले. रोह्यात पाच, पेणला पाच. मनीषानेसुद्धा पेणच्या केंद्राला पाच दिले. मी तिला म्हटलं, “अगो, त्यांच्या त्या फोनपायी तू मरायला टेकली होतीस.”

“व्हय,” ती म्हणाली, “पन त्यांनी चहा दिलेला.”

केतकीने कपाळाला हात लावला. मला मात्र यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे ज्या घरचा चहा घेतला त्या घराला नावं ठेवत नाहीत. तोंडावर तर नाहीच. तू पुण्याची, तुला ते कळायचं नाही, असं मी तिला जरा तोऱ्यातच सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, पुण्यातही पाचच देतात. फक्त बाहेर पडल्यावर बोलतात.”

हे बोलणं चाललं होतं रोह्याहून पेणला येणाऱ्या गाडीत. केतकीचं लग्न ठरलं होतं, म्हणून विषय तिकडे वळला. ती हसत सांगत होती, की तिच्या आत्याने होणाऱ्या सासरचं आधी तोंड भरून कौतुक केलं. घर चांगलं, माणसं चांगली, नशीब काढलंस. मग स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, सासऱ्यांच्या खुर्चीत बसू नकोस, थोरल्या जावेसमोर माहेरचं काही बोलू नकोस, आणि दुपारी झोप आली तर आतल्या खोलीत झोप, पुढच्या नको.

कासू स्टेशन गेलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घराबद्दल खरं बोलायची आमच्याकडे एकच वेळ असते. आपली मुलगी त्या घरात पाठवायची असते ती. तेव्हा बाई घराला नावं ठेवत नाही, ती आपल्या मुलीला सांभाळते. तिथे चहाबिहा आड येत नाही.

मी म्हटलं, “केतकी, गुण नको विचारूस. असं विचार, की तुझ्या बहिणीवर ही वेळ आली तर तिला या केंद्रात पाठवशील का? आणि पाठवताना तिला काय सांगशील?”

केतकी भराभर बोलायला लागली. गाडी पेणला पोचेपर्यंत तिने त्या प्रश्नाची पद्धत करून टाकली. विचारणारी बाई केंद्रातली नको, मी तर नकोच. जागा केंद्राची नको. जिला हवं तिनेच उत्तर द्यावं, आणि नाव कुठेही लिहायचं नाही. उत्तरांतून दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या, बहिणीला धीर म्हणून काय सांगितलं आणि ताकीद म्हणून काय सांगितलं. ताकीद कळली की केंद्राने ती चूक दुरुस्त करायची. काही महिन्यांनी नव्या बायकांना पुन्हा विचारायचं. तीच ताकीद पुन्हा आली, तर केंद्र सुधारलं नाही. यायची थांबली, तर सुधारलं. मोजायचं ते हे. इतकं सरळ मोजमाप मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मघाशी नाक मुरडलं होतं ते तिथेच सरळ केलं.

विचारायचं काम मनीषाने घेतलं. ती स्वतःहून म्हणाली, “मी विचारते. मला सांगतील.” रोह्यात एका शिवणवर्गाच्या मागच्या पडवीत ती बसायची. तिथे बायकांची ये-जा असतेच, कुणाला संशय येत नाही. पेणला पापड लाटायला बायका जमतात अशा एका घरी बसायची. आणि बायका बोलल्या. चहा पिऊन गुण देणाऱ्या त्याच बायका बहिणीची गोष्ट निघाल्यावर थांबेनात.

रोह्याबद्दल पहिल्या फेरीत आलेली उत्तरं केतकीने मला वाचून दाखवली. मी आपली फुलून बसले होते. घाई करत नाहीत, पाठवीन. एकदाच सांगावं लागतं, पाठवीन. बाई जरा फाडफाड बोलते, पण मनाची चांगली आहे, पाठवीन. आणि मग धाटावच्या बाजूच्या एका बाईचं उत्तर आलं.

“सांगीन तिला, आत गेलीस की ताई दाराची कडी लावते. घाबरू नको गो, ती मारायला नाय लावत.”

मध्येच कुणी घुसू नये, बाईचं बोलणं खाजगी राहावं, म्हणून मी कडी लावत होते, आणि त्याचा मला अभिमान होता. ज्यांच्या घरी कडी लागली की मार सुरू होतो, त्या बायका माझ्यासमोर बसून तो आवाज सोसत होत्या आणि मला पाच गुण देत होत्या. मी आधी त्या बाईवर रागावले, मग केतकीवर, आणि संध्याकाळी सुताराला बोलावून कडी काढून टाकली. बाहेर बाकावर आमची सेविका बसवली, ती कुणाला आत सोडायची नाही. बाईची खुर्ची दाराजवळ घेतली. पुढच्या फेरीत कडीचं नाव कुणी काढलं नाही. उलट एकीने बहिणीला सांगितलं, “वाटलं तर उठून जायचं, कोन अडवत नाय.” हे उत्तर मी केतकीकडून दोनदा वाचून घेतलं.

पेणची पहिल्या फेरीतली उत्तरं वाचताना मात्र केतकीचा आवाज खाली गेला. ताई मायाळू आहेत. चहा चांगला मिळतो. पण त्यानंतर एकामागून एक, निरनिराळ्या गावांच्या बायका आपापल्या बहिणीला एकच ताकीद देत होत्या. पहिल्या दिवशी नवऱ्याचा नंबर देऊ नकोस.

मला नाचावंसं वाटलं. हे लिहायला लाज वाटत नाही, तेव्हा मला नाचावंसंच वाटलं. केतकीने मला अडवलं. हे कार्यकारिणीसमोर ठेवण्याआधी शुभदाताईंना दाखवायला हवं, असा तिने हट्ट धरला. बाईला न विचारता तिची गोष्ट चारचौघांत सांगायची नाही, हा नियम शुभदाताईंनाही लागू आहे, म्हणाली. पटलं नाही, पण बरोबर होतं. ती एकटीच पेणला जाऊन सगळं वाचून दाखवून आली. शुभदाताईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि “ठेवून जा” म्हणाल्या. एवढंच. मग काही आठवडे त्यांनी आम्हा दोघींचा फोन उचलला नाही. मी समजले, की आता लढाई आहे.

कार्यकारिणीची बैठक पेणला होती. अध्यक्षा मॅडम म्हणजे निवृत्त सरकारी अधिकारी, हसणं माहीत नसलेल्या. केतकीने सगळं नीट मांडलं. एक सदस्य म्हणाले, “हे ऐकायला छान आहे, पण पेणला समेट होतात, रोह्याला होत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे ना?” मी उसळून उत्तर देणार तेवढ्यात मागून मनीषा उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती स्वतःच आली होती.

“त्या समेटांत मी पन हाय,” ती म्हणाली. “पेणच्या हिशोबात माझा समेट झालेला हाय. तो वडखळच्या नाक्यापरेंत टिकला.”

अध्यक्षा मॅडमनी शुभदाताईंकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही तर रोहा बंद करावं म्हणत होता.”

शुभदाताई उभ्या राहिल्या. मी पदर खोचूनच बसले होते, काय म्हणतील त्याला काय उत्तर द्यायचं ते सगळं तयार होतं. त्या म्हणाल्या, “केतकी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेणला पहिल्या दिवशी नवऱ्याला फोन करणं मी बंद केलंय. ते टेबलही हलवलंय. मनीषा, तुझ्या वेळी हे सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.” पुढे म्हणाल्या, “आणि दुसरं असं, की मधल्या काळात माझ्या नात्यातली एक मुलगी अशीच अडकली होती. तिने मला विचारलं, कुठे जाऊ. मी तिला रोह्याला पाठवलं.”

मला यातलं काही माहीत नव्हतं. कोणीही आलं तरी कुणाची कोण ते आम्ही विचारत नाही. माझ्यासमोर बसून गेलेल्या बायकांमध्ये ती होती, एवढंच मला त्या क्षणी कळलं.

अध्यक्षा मॅडमनी हळूच विचारलं, “पाठवताना काय सांगितलंत तिला?”

“म्हटलं, जा,” शुभदाताई म्हणाल्या. “ती बाई तुला घाई करणार नाही.”

मी रडले. भर बैठकीत, सगळ्यांसमोर, नाक शिंकरून रडले. मनीषा माझी पाठ चोळत होती. इतक्या वर्षांत मला मिळालेल्या सगळ्या शाली आणि श्रीफळं एका बाजूला ठेवा, हे वाक्य त्या सगळ्यांना पुरून उरेल. आणि ते आलं कुणाकडून, तर जिच्याशी भांडायला मी पदर खोचून गेले होते तिच्याकडून.

अध्यक्षा मॅडम म्हणाल्या, “रोह्याचं केंद्र बंद होणार नाही. दोन्हीकडे यापुढे हाच प्रश्न विचारला जाईल आणि समेटांचा रकाना अहवालातून काढून टाका.” लोक उठायला लागले. जिंकल्यावर गप्प बसायचं असतं, हे मला ठाऊक आहे, पण तेवढं मात्र मी कधीच शिकले नाही. मी डोळे पुसले आणि म्हटलं, “थांबा. बंद होणार नाही एवढ्यावर भागणार नाही. रोह्याला बायका वाढणार, एका खोलीत मावणार नाहीत. दुसरी खोली हवी.”

अध्यक्षा मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. तेव्हा शुभदाताई आपली पर्स उचलता उचलता म्हणाल्या, “द्या मॅडम तिला खोली. बायकांना घाई करत नाही ती, पण खोली घेतल्याशिवाय तुम्हालाही इथून उठू देणार नाही.”

त्या दिवशी मी अध्यक्षा मॅडमना पहिल्यांदा हसताना पाहिलं. दुसरी खोली मिळाली. मी निवृत्त झाले तेव्हा तिच्यात मनीषा बसायला लागली होती. तिचा कोर्टाचा निकाल तिच्या बाजूने लागला आहे.